‘शॉक का नाही दिला, मॅडम?’

मुंबईतल्या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत माझी वीसहून अधिक वर्षं गेली. अलीकडे मी ॲम्ब्युलन्सवरच्या मुला-मुलींना सीपीआर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छातीवर दाब आणि श्वास देणं, शिकवते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच दुखण्याची आहेत: हृदय बंद पडलेला पेशंट, आपले हात आणि नंतर झोप उडवणारी शंका. त्यातली सहा पत्रं निवडली आहेत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मी बीएएमएस आहे, वय २६, साताऱ्याकडची. तीन महिन्यांपूर्वी १०८च्या गाडीवर डॉक्टर म्हणून रुजू झाले. मागच्या महिन्यात पहाटे लालबागच्या चाळीतून कॉल आला. तिसरा मजला, लाकडी जिना. पन्नाशीचे गृहस्थ खाली पडलेले, श्वास नाही, नाडी नाही. पडून पंधरा मिनिटं तरी झाली असावीत, तोवर कुणी छाती दाबली नव्हती. मी दाब द्यायला लागले आणि तिसऱ्या-चौथ्या दाबालाच हाताखाली कटकन आवाज झाला. मॉनिटरवर सरळ रेषा. त्यांचा मुलगा ओरडत होता, ‘शॉक द्या ना! शॉक का नाही देत, मॅडम?’ मी दिला नाही. रुग्णालयात त्यांना मृत घोषित केलं. आता फोन वाजला की पोटात गोळा येतो. मी या कामाच्या लायकीची आहे का?

उत्तर : आधी शॉकचं बोलू, कारण तुमच्या छातीवर तोच दगड आहे. हृदयाचे स्नायू नुसतेच थरथरत असतात, रक्त पुढे ढकलत नाहीत, तेव्हा शॉक उपयोगी पडतो. तो ती थरथर एका झटक्यात थांबवतो, म्हणजे हृदयाला पुन्हा आपल्या तालावर यायला वाव मिळतो. सरळ रेषेत थांबवण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. तिथे करायचं ते छातीवरचे दाब, श्वास, ॲड्रिनॅलिन आणि काही सुधारण्याजोगं कारण सापडतंय का याचा शोध. सिनेमात सरळ रेषेला शॉक देतात आणि माणूस उठून बसतो. त्या मुलाने तेच पाहिलंय, त्याचा दोष नाही. बाप डोळ्यांसमोर जात असताना मुलगा ओरडत होता आणि तरीही तुम्ही चुकीचं बटण दाबलं नाहीत. मी परीक्षक असते तर याच एका गोष्टीसाठी तुम्हाला पास केलं असतं.

आता तो आवाज. प्रौढ माणसाच्या छातीवर ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, तर बरगडी किंवा तिच्या टोकाची कूर्चा मोडणं नेहमीचंच आहे. आम्ही वर्गात हे सांगतो, पण डमी फार तर टिकटिकते. खऱ्या छातीतून तळहाताला जे कळतं ते सांगून कळत नाही. तो आवाज झाला की नवा माणूस दचकून दाब हलका करतो आणि खरं नुकसान तिथे होतं. तुम्ही खोली कमी केलीत का, हे आठवून पाहा. केली असेल तर पुढच्या वेळी करायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ती पंधरा मिनिटं. हृदय थांबल्यावर काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. तुम्ही दारात पोहोचलात तेव्हा हिशेब जवळजवळ संपला होता. प्रगत देशांतही रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या दहा जणांतला साधारण एकच घरी परततो. तुम्ही जिना चढलात तेव्हा त्या गृहस्थांचा श्वास आणि नाडी दोन्ही थांबलेली होती. मृत्यू तुमच्या हातून झाला नाही. तो होऊन गेला होता आणि तुम्ही त्यांना परत ओढायला गेला होतात. हे वाक्य मी वर्गात दर तुकडीला सांगते, कारण नव्या माणसाच्या मनात क्रम उलटा बसतो: ‘मी हात लावला आणि गेले.’

माझा पहिला पेशंट असा गेला तेव्हा मी इंटर्न होते. एका सार्वजनिक रुग्णालयाची कॅज्युअल्टी, संध्याकाळच्या गर्दीची वेळ, स्टेशनवरून आणलेला माणूस. सीपीआर थांबवल्यावर ओळख पटवायला त्याचे खिसे तपासायचं काम माझ्याकडे आलं. वरच्या खिशात प्लास्टिकच्या पाकिटात लोकलचा पास होता, अजून अकरा दिवस चालणारा. पासमागे दुमडलेली वाण्याची यादी: तूरडाळ, साबण, उदबत्ती. सीनिअर माझ्याशी चार शब्दही बोलले नाहीत, पुढचा पेशंट आला होता. घरी जाऊन मी ठरवलं की पॅथॉलॉजी घ्यायची, काचपट्टीवरचा माणूस आपल्यासमोर मरत नाही. ती यादी मला अजून पाठ आहे. काम मात्र मी सोडलं नाही.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८च्या गाडीवर डॉक्टर असतो. बऱ्याच राज्यांत टेक्निशियन असतो. लोकांसाठी ही चांगली गोष्ट आहे, पण पंचविशीतल्या डॉक्टरवर तिचं वेगळंच ओझं येतं: ‘डॉक्टर असूनही वाचवता आलं नाही.’ माझं तुम्हाला एकच काम आहे. एखाद्या सीनिअरबरोबर बसून तो कॉल घड्याळाप्रमाणे पुन्हा मांडा. कॉल किती वाजता, दारात किती वाजता, पहिला दाब किती वाजता. दाब देताना त्यांच्या पाठीखाली कडक जमीन होती का? दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलला का? दहा बाय दहाच्या खोलीत टेबल सरकवून जागा केली, की कोपऱ्यात वाकूनच दाबत राहिलात? यातून दोन-तीन गोष्टी सुधारण्यासारख्या निघतीलच, माझ्या कॉलमधून आजही निघतात. त्या डमीवर घोटा. एवढं करून जे उरेल ते दुःख आहे. ते सरावाने जाणार नाही आणि त्याच्यावरून लायकीही ठरत नाही.

प्रश्न : मी खासगी कार्डिॲक ॲम्ब्युलन्सवर टेक्निशियन आहे. घाटकोपरची जुनी इमारत, चौथा मजला, लिफ्ट बंद. धावत वर गेलो आणि शॉक देणारा मॉनिटर गाडीतच राहिला. पायलट, म्हणजे आमचा ड्रायव्हर, खाली जाऊन घेऊन येईपर्यंत चार मिनिटं गेली. तोवर मी दाब देत होतो. मॉनिटर लावला तर व्हीएफ, म्हणजे हृदयाची नुसती थरथर. दोन शॉक दिले, पेशंट परत आला नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नोंदीत वेळ लिहिताना हात थांबला.

उत्तर : तुमची समजूत घालून मोकळी होणार नाही. ही चूक आहे. व्हीएफमध्ये पहिला शॉक लवकर मिळणं महत्त्वाचं असतं आणि तुमची चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांनी निकाल बदलला असता का, हे ना मला सांगता येईल ना तुम्हाला. दाब चालू असले की शक्यतेची घसरण बरीच हळू होते आणि दाब तुम्ही थांबवले नव्हते, हेही तितकंच खरं.

नोंदीत खरी वेळ लिहा. आजच सुपरवायझरला किंवा मेडिकल इन-चार्जना सांगा, शक्यतो लेखी. नातेवाइकांना काय आणि कसं सांगायचं ते वरिष्ठांबरोबर ठरवा, एकट्याने रात्री फोन लावू नका. नोकरीची भीती वाटेल, ती खोटी नाही. पण लपवलेली चूक काय करते ते मी जवळून पाहिलंय. माणूस पुढच्या प्रत्येक कॉलला तीच चूक मनात धरून जिना चढतो आणि त्या नादात दुसरी करतो. डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिताना अशा डॉक्टरला ‘सेकंड व्हिक्टिम’ म्हटलं होतं, म्हणजे चुकीचा दुसरा बळी. पहिला अर्थात पेशंट. ही उतरंड मनात पक्की ठेवा, मग स्वतःची कीव आणि स्वतःची शिक्षा दोन्ही आटोक्यात राहतात.

आणि बदल गाडीत करा. गाडीतून उतरण्याआधी कोण काय उचलणार हे ड्युटीच्या सुरुवातीलाच मोठ्याने बोलून ठरवायचं. मॉनिटर एकाकडे, ऑक्सिजन आणि श्वास द्यायची अंबू बॅग दुसऱ्याकडे. मुंबईत लिफ्ट आहे असं कधीच धरून चालायचं नाही. असेल तरी स्ट्रेचर मावेलच असं नाही. पहिल्या फेरीत जे वर गेलं नाही ते चार मिनिटं लांब आहे, हे तुमच्याइतकं आता कुणाला कळलंय? तुमच्या स्टेशनवरच्या नव्या मुलांना हे तुम्हीच शिकवा.

प्रश्न : मी नर्सिंगची विद्यार्थिनी. कॅज्युअल्टीत पहिल्यांदा सीपीआरमध्ये हात लावला, ते पेशंट आजोबा गेले. सगळ्या मैत्रिणी रडल्या. मला काहीच वाटलं नाही, मी कँटीनमध्ये जाऊन वडापाव खाल्ला. मी दगडाच्या काळजाची आहे का?

उत्तर : नाही गं. तुला भूक लागली होती. शरीर अशा वेळी कधी रडतं, कधी थिजतं, कधी खायला मागतं. काहींना आठवड्याने भलत्याच गोष्टीवरून रडू येतं, काहींना कधीच येत नाही आणि तेही उत्तम परिचारिका होतात. ‘मला काही वाटलं का’ हे विचारायला बसलीस, यातच तुझं उत्तर आहे.

प्रश्न : गिरगावात आमच्या शेजारचे काका जेवता जेवता कोसळले. घोरल्यासारखा श्वास येत होता, म्हणून जिवंत आहेत असं वाटलं. कांदा हुंगवला, पाणी पाजायला गेलो. ॲम्ब्युलन्स आली तोवर ते गेले होते. आमच्याने काही झालं असतं का?

उत्तर : कदाचित. आणि तुम्हाला ते माहीत नव्हतं, यात तुमचा गुन्हा नाही. तो घोरल्यासारखा, अडकत-अडकत येणारा श्वास म्हणजे खरा श्वास नव्हे. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं तो येऊ शकतो आणि भल्याभल्यांना फसवतो. माणूस हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट नाही, एवढं दिसलं की थांबायचं नाही. एकाने १०८ लावायचा आणि फोन स्पीकरवर ठेवायचा. दुसऱ्याने गुडघ्यांवर बसून छातीच्या मधोमध तळहात रोवायचे, कोपरं सरळ, आणि जोरात, भरभर दाबायचं. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. थकलात की माणूस बदला. तोंडाने श्वास देणं जमत नसेल तरी नुसते दाब चालू ठेवा. बेशुद्ध माणसाला पाणी कधीच पाजू नये.

छाती न उघडता, बाहेरून हातांनी दाबून हृदय चालतं ठेवता येतं, हे १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या कौवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी मांडलं. कौवेनहोव्हेन डॉक्टर नव्हते, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. सांगायचं कारण हे की ही विद्या पहिल्यापासून फक्त डॉक्टरांची नाही. तुमच्या चाळीत गणपतीला मंडप पडतो, तिथे एक संध्याकाळ सीपीआर शिकण्यासाठी ठेवा. लालबागच्या त्या डॉक्टर मॅडमचं पत्र वर वाचलंत ना? त्या पंधरा मिनिटांत कुणाचे तरी हात त्या छातीवर असते, तर त्यांना काहीतरी हाती घेऊन लढता आलं असतं.

प्रश्न : मुलगा ॲम्ब्युलन्सवर काम करतो. आम्ही डोंबिवलीला राहतो. दीड महिन्यापूर्वी लहान मुलाचा काहीतरी कॉल होता, त्यानंतर तो बदलला. नाइट करून येतो, तासभर नळ सोडून बाथरूममध्ये बसतो. जेवत नाही. भाच्याला उचलून घेत नाही. विचारलं तर ‘काही नाही गं आई’. काय करू?

उत्तर : ताई, पहिले दोन-चार आठवडे झोप न लागणं, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं, चिडचिड, हे बहुतेकांना होतं आणि हळूहळू ओसरतं. तुमच्याकडे दीड महिना झालाय आणि ओसरण्याऐवजी वाढतंय. भाच्याला न उचलणं मला सगळ्यात जास्त खटकलं. ज्या गोष्टीने ती आठवण येते ती टाळत जाणं हे महत्त्वाचं लक्षण आहे. आता वाट पाहायची नाही.

‘बोल, सगळं सांग’ म्हणून मागे लागू नका. धक्क्यानंतर माणसाला सक्तीने सगळं बोलायला लावल्याने फायदा होत नाही, असं अभ्यासांतून दिसलंय. त्याच्याबरोबर जेवायला बसा, त्याने अर्धी पोळी खाल्ली तरी चालेल. आणि एकदाच, सरळ सांगा: ‘तुझं बरं नाही हे मला दिसतंय. आपण दोघं जाऊन येऊ.’ केईएम, नायर, सायन, तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र चालू असते. तो बोलणार नसेल तर आधी तुम्हीच फोन करा. दारू वाढली, ‘मी नसतो तर बरं’ असं काही त्याच्या तोंडून आलं, तर त्याच दिवशी घेऊन जा, सकाळची वाट पाहू नका. त्या वेळी ‘मरायचा विचार येतो का रे?’ असं थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही.

प्रश्न : मी १०८वर पायलट आहे, नऊ वर्षं झाली. माझ्या गाडीवरच्या नव्या डॉक्टर मॅडम एका कॉलनंतर गप्प झाल्यात. मी त्यांना म्हणालो, ‘जाऊ द्या मॅडम, आपल्याकडे हे रोजचंच.’ त्या अजूनच गप्प झाल्या. मी शिकलेला नाही फार. काय बोलायला हवं होतं?

उत्तर : दादा, तुमचा हेतू चांगला होता. पण ‘रोजचंच’ ऐकलं की नव्या माणसाला वाटतं, मला एकटीलाच त्रास होतोय, म्हणजे मीच कच्ची. नऊ वर्षांत तुमचाही एखादा कॉल असेलच, ज्या गल्लीवरून गाडी नेताना आजही तुमचा हात स्टिअरिंगवर घट्ट होतो. तोच सांगा. कुठली गल्ली, कोण होतं, त्या रात्री घरी जाऊन तुम्ही काय केलंत. सल्ला देऊ नका.

आणि तुम्ही तिथे होतात. त्यांनी काय बरोबर केलं ते पाहिलेला माणूस तुम्हीच आहात, मी नाही. ‘मॅडम, तुम्ही दाब सोडले नाहीत, मी बघत होतो,’ हे तुमच्या तोंडून आलं तर त्या विश्वास ठेवतील. रुग्णालयात पेशंट सोपवून बाहेर आलात की चहा गाडीपाशीच आणा. स्ट्रेचर पुसायला त्यांच्याबरोबर हात लावा. मग पुढचा कॉल येईल तेव्हा नेहमीच्या आवाजात विचारा, ‘मॉनिटर मी घेऊ की तुम्ही?’