आलेलुया म्हणता आलं नाही म्हणून

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. तू लिहिलंस की ईस्टरच्या, म्हणजे प्रभू येशू मेलेल्यांतून उठला त्या सणाच्या, उपासनेत पहिल्याच 'आलेलुया'च्या स्तुतिगीताला सगळे उभे राहिले आणि तू बसून राहिलीस. मग मधेच उठून बाहेर आलीस. बाहेर कोणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणालं, "अगं, आज तर आनंदाचा दिवस!" आणि घरी येऊन तू मला विचारलंस, "पुनरुत्थानावर माझा खरंच विश्वास असता, तर बाबा गेल्याचं इतकं दुःख झालं असतं का?"

झालं असतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तुला निवांत वाचता येईल.

माझी थोरली बहीण गेली तेव्हा मी साधारण तुझ्याच वयाची होते. झावळ्यांच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या, रविवारच्या आदल्या दिवशी तिला पुरलं आणि आठव्या दिवशी ईस्टर. गीतपुस्तक उघडलं, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. शेजारच्या बाईंनी बोटाने ओळ दाखवली. त्यांना वाटलं, मला पान सापडत नाहीये. त्या दिवशी माझी खात्री झाली की माझा विश्वास गेला. पुढे बरीच वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. आता वाटतं, गळा दाटला होता, बाकी काही झालं नव्हतं.

त्यानंतर मी शुभवर्तमानांतली, म्हणजे बायबलातल्या येशूचरित्रांतली, ईस्टरची सकाळ पुन्हा वाचली. सणाच्या चष्म्यातून नाही, घरात मयत झालेल्या माणसाच्या नजरेने. तूही तशी वाचून बघ. त्या पहाटे कोणीही गात नव्हतं. बायका निघाल्या होत्या त्या प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायला. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, लागत होता, घाईघाईत पुरावं लागलं, काम अर्धं राहिलं होतं. वाटेत त्यांचं बोलणं काय, तर कबरेच्या तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटणार? निकदेम या यहुदी पुढाऱ्याने शुक्रवारी प्रेतासाठी गंधरस आणि अगरू आणलं होतं, ते आजच्या हिशेबात तीसेक किलो भरतं. तिसऱ्या दिवशी हा माणूस उठणार असं वाटत असतं, तर कोणी इतकं आणलं नसतं. प्रभूने आधी सांगून ठेवलं होतं, तरी एकही जण त्या सकाळी आशेने उठला नव्हता. मार्कच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत तर शुभवर्तमान संपतं ते बायका थरथर कापत पळाल्या आणि भीतीपोटी कोणाला काही बोलल्या नाहीत, इथेच.

तू उपासनेतून उठून बाहेर गेलीस. त्या कबरेपाशी तुझ्यासारखीच बाहेर उभी राहून रडणारी एक होती. योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय काढ. पेत्र आणि दुसरा शिष्य धावत आले, आत डोकावले आणि आपापल्या घरी परत गेले. मग्दालीया मरीया तिथेच थांबली. तिला प्रभू दिसला, पण ओळखता आला नाही. हा बागेचा माळी असेल असं तिला वाटलं. त्याने तिला विचारलं, का रडतेस, कोणाला शोधतेस? 'रडू नकोस' असं तो म्हणाला नाही. त्याने विचारलं आणि तिला बोलू दिलं. आणि ती काय बोलली? तू त्याला कुठे ठेवलंस ते सांग, मी त्याला घेऊन जाईन! एकट्या बाईला एवढं प्रेत उचलेल का, याचा तिने विचारही केला नाही. शोकात माणूस असंच बोलतं. तू बाबांच्या फोनवर अजून संदेश पाठवतेस, असं लिहिलंस ना, त्याची लाज वाटून घेऊ नकोस.

तू बायबल नीट वाचतेस, म्हणून म्हणशील की नाईन गावच्या विधवेला तर तो 'रडू नको' म्हणाला होता. म्हणाला होता, खरं आहे. पण पुढच्याच क्षणी तिरडीला हात लावून त्याने तिचा मुलगा तिच्या हाती जिवंत दिला. ज्याला ते जमणार आहे, त्याने ते वाक्य खुशाल वापरावं. आपण बाकीच्यांनी शेजारी बसावं.

ज्यांनी तुला 'आनंदाचा दिवस' सांगितलं, त्यांच्यावर राग धरू नकोस. मृत्यू समोर आला की आपल्या सगळ्यांचीच भाषा तोकडी पडते, मग जे तोंडी येईल ते आपण बोलतो. 'देवाची इच्छा होती' हेही तू ऐकलं असशील. मला मात्र ते वाक्य सोसत नाही. मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने मृत्यूला शेवटचा शत्रू म्हटलं आहे, देवाचा निरोप्या नाही. शत्रूने बाबांना नेलं, म्हणून तुला राग येतो, त्यात काय चुकलं?

देवावरही राग आहे, हे तू दोनदा लिहिलंस आणि दोन्हीदा खोडलंस. खोडलेलं मला वाचता आलं. लाजर मेल्यावर त्याची बहीण मार्था वाटेतच प्रभूला सामोरी गेली आणि म्हणाली, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने दुसरी बहीण मरीया (ही मग्दालीया नव्हे) आली आणि तिनेही हेच म्हटलं, जवळजवळ शब्दाला शब्द. म्हणजे ते चार दिवस त्या घरात दोघी बहिणी एकमेकींशी हेच बोलत असणार. त्यांना कळलंही असेल की निरोप पोचूनसुद्धा तो दोन दिवस आहे तिथेच थांबला होता. त्याने दोघींपैकी कोणाला रागावून गप्प केलं नाही. मार्थाला शब्दांनी उत्तर दिलं: पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे. मरीयेपुढे मात्र तो रडला. तक्रार एकच, उत्तरं दोन. तुला यातलं कुठलं उत्तर हवं आहे, ते मला या पत्रातून नक्की कळलं नाही. कदाचित रोज वेगळं हवं असेल. आणि हे लक्षात घे, तासाभरात आपण लाजराला उठवणार हे ठाऊक असणाराच तिथे रडत होता. मग ज्यांना अजून थांबायचं आहे, त्यांच्या रडण्याचा हिशेब कोण मागणार?

'ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका' हे वचन तुझ्या अंगावर कोणी फेकलं तर घाबरू नकोस. ते लोक अर्ध्यावरच थांबतात. पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहीत होता. त्यांची माणसं मेली होती आणि प्रभू येईल तेव्हा ती मागे राहतील का, ही त्यांना चिंता होती. शोक करूच नका, असं तो म्हणत नाही. तुमच्या शोकात आशाही आहे, हे तो सांगतो. स्तेफन या भक्ताला विश्वासापायी दगडमार झाला, तेव्हा पुनरुत्थानाची बातमी अजून ताजी होती, ते पाहिलेले लोक गावात फिरत होते. तरी भक्तिमान माणसांनी त्याला पुरलं आणि त्याच्यासाठी फार शोक केला, असं प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात लिहिलं आहे. करिंथकरांना लिहिताना पौल म्हणतो, उठलेल्या प्रभूला एका वेळी पाचशेहून अधिक जणांनी पाहिलं, त्यांतले काही आता निजले आहेत. हे वाक्य मी कितीतरी वर्षं नुसतं वाचून पुढे जात होते. मग एकदा डोक्यात आलं, ते 'काही' कोणाचे तरी बाबा होते. ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी प्रभूला पाहिलं, त्यांनाही त्यांच्या मुलांनी रडत रडत पुरलंच.

'निजले' हा शब्द मात्र सोडू नकोस. ग्रीकमध्ये ख्रिस्ती लोक दफनभूमीला निजण्याची जागा म्हणू लागले, आणि इंग्रजीतला 'सेमेटरी' तिथूनच आला. बाबांचा आत्मा कुठेतरी उजेडात विरून गेला, एवढंच आपण मानत नाही. मतांगीकारात, आपल्या विश्वासाच्या कबुलीत, आपण शरीराचं पुनरुत्थान म्हणतो. ते शरीर कसं असेल? हे कोणी विचारलं की पौल जरा चिडतो, 'अरे मूढा' म्हणतो, आणि मग पेरलेल्या दाण्याचं उदाहरण देतो. दाणा पेरतो तसा उगवत नाही, पण उगवतो तो त्याच दाण्यातून. यापेक्षा जास्त मलाही सांगता येत नाही. पण मग्दालीया मरीयेने प्रभूला चेहऱ्यावरून ओळखलं नव्हतं. त्याने 'मरीये' म्हणून हाक मारली, तेव्हा ओळखलं. तुझे बाबा तुला कोणत्या नावाने हाक मारायचे, ते तुलाच ठाऊक.

लगेच पुढे तो तिला म्हणतो, मला धरून ठेवू नकोस. हे वाक्य मला फार कठीण गेलं. अजूनही जातं. परत मिळणं म्हणजे कालचं घर जसंच्या तसं परत मिळणं नव्हे, हे त्या बागेतही होतं. थोमाला प्रभूने आपल्या जखमा दाखवल्या, ती गोष्ट सगळेच सांगतात, म्हणून मी सांगत नाही.

आता शनिवारचं, शुक्रवारचा क्रूस आणि रविवारचं उठणं यांच्यामधल्या दिवसाचं. शुक्रवार आणि रविवारवर प्रवचनांचा ढीग आहे, शनिवारवर फारसं कोणी बोलत नाही. लूकने त्याला एका वाक्यात उरकलं: आज्ञेप्रमाणे शब्बाथाच्या दिवशी त्या स्वस्थ राहिल्या. एवढंच. मतांगीकारात आपण 'अधोलोकात उतरला' म्हणतो, तो हाच दिवस. देवळात वेदीवरची वस्त्रं काढलेली असतात, दिवसा मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, होत नाही. तुझा शनिवार अजून संपलेला नाही आणि आजूबाजूला सगळ्यांचा रविवार चालू आहे, एवढाच तुझा गोंधळ आहे असं मला वाटतं. त्यात तुझं काही चुकलेलं नाही. शिवाय ईस्टर हा काही एका सकाळचा सण नाही. पन्नासाव्या दिवसापर्यंत, पेंटेकॉस्टपर्यंत तो चालतो. पहिल्या दिवशी गाता आलं नाही, तर अजून बरेच दिवस हातात आहेत. तेही सरले तर पुढचं वर्ष आहे. माझा आवाज तिसऱ्या वर्षी फुटला, तोही दुसऱ्या कडव्यापासून.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ईस्टर चंद्राप्रमाणे फिरतो, २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येतो. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये थेट २० एप्रिलला. त्यामुळे बाबांची तारीख एक दिवस येईल आणि ज्या उपासनेतून तू उठून गेलीस ती वेगळ्याच दिवशी. माझ्याही बहिणीचे वर्षात दोन दिवस असतात. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं, एक दिवस पार पडला म्हणून मी निश्चिंत झाले आणि दुसऱ्याने गाठलं.

तुला झोप येत नाही आणि जेवण जात नाही, हे तू शेवटी, ताजा कलम लिहावा तसं लिहिलंस. मी ते सगळ्यात आधी वाचलं. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं. समुद्रकाठी उठलेल्या प्रभूनेही तेच केलं. निखारे, मासळी, भाकर, आणि 'या, न्याहारी करा.' पेत्राशी अवघड बोलणं त्याने न्याहारीनंतर काढलं. तेव्हा आधी वेळेवर दोन घास. ते आठवडाभरात सुधारलं नाही, किंवा जगणंच नको असं मनात येऊ लागलं, तर त्याच दिवशी घरच्यांना सांग आणि डॉक्टरांकडे जा. माझ्या पत्राची वाट बघू नकोस. प्रार्थना करणाऱ्याने डॉक्टरकडे जाऊ नये, असं कुठे लिहिलेलं नाही, आणि लूक स्वतः वैद्य होता.

बाकी, हातांना काहीतरी काम दे. सुगंधी द्रव्यं घेऊन निघालेल्या बायकांकडे दुसरं काय होतं? पंडिता रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा स्वतः थकलेल्या, बहिऱ्या झालेल्या, आणि बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर हातात. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. त्या महिन्यांत त्यांच्या मनात काय चाललं असेल, मी अनेकदा विचार करते. तुझं काम एवढं मोठं असायची गरज नाही. बाबांची कागदपत्रं लाव. त्यांनी कोणाला काही द्यायचं कबूल केलं असेल तर ते पोचतं कर.

आणि त्यांचं बायबल. ते वापरू की जपून ठेवू, असं तू विचारलंस. वापर. त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा पुसू नकोस. तुझ्या वेगळ्या रंगाने कर. प्रार्थना सुचत नसेल तेव्हा अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढ. दुःखाची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, स्तुतीवर येतात. हे मात्र वळत नाही, मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द 'अंधार' आहे. तरीही ते पहिल्या ओळीपासून देवाशीच बोलतं, आणि ते कोणी बायबलातून काढून टाकलं नाही. तुझ्या बाबांच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नाही, ते नेहमी तेविसावंच म्हणायचे. पण त्या पानावर त्यांची एखादी खूण असेल, असं मला उगीच वाटतं. बघून कळव.

तुझी,
मावशी