जुना स्किड लोडर थंडीत सकाळी उठत नाही आणि नवी बॅटरीही उतरते, तर आधी काय तपासावं?

तुमच्या प्रश्नातली लक्षणं अशी : ग्वाल्हेरजवळ बानमोरला गोदामात चालणारा जुना बारा व्होल्टचा डिझेल स्किड लोडर (पुढे बकेट असलेली छोटी लोडर मशीन, आपल्याकडे सरसकट ‘बॉबकॅट’ म्हणतात ती जात). डिसेंबर लागला की सकाळी सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) दोन-तीनदा घरघरतो आणि दम सोडतो. इंजिन चालू असतानाही चार्जिंगचा दिवा मंद जळत राहतो. नवी बॅटरी महिन्याभरातच उतरली. मिस्त्री म्हणतो, सेल्फ आणि डायनॅमो (बॅटरी भरणारा ऑल्टरनेटर) दोन्ही बदला.

दोन्ही बदलू नका, निदान आज तरी. माझ्या मते या दोन तक्रारी एकाच रोगाच्या आहेत आणि तो बहुतेक वेळा वायरिंगमध्ये किंवा डायनॅमोच्या एखाद्या छोट्या भागात असतो. साधा डिजिटल मल्टिमीटर आणि तारेचा ब्रश हाताशी घ्या. मात्र मीटर भार असताना लावायचा, नुसत्या उभ्या मशीनवर नाही. गंजलेल्या केबलवरसुद्धा भार नसताना पूर्ण व्होल्टेज दिसतं.

हातघाईच्या आधी एक हिशेब करा. सेल्फ साधारण ३०० अँपिअर ओढतो असं धरलं आणि तो १० सेकंद फिरला, तर एक अँपिअर-तासही खर्च होत नाही. चार हीटर प्लग (थंडीत डिझेल पेटावं म्हणून आत उष्णता देणारे ग्लो प्लग) २० सेकंद तापवायला त्याच्या चौथाई लागतं. म्हणजे मशीन नीट सुरू झाली तर ८० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून जेमतेम एक जातो आणि धड डायनॅमो तो काही मिनिटांत परत भरतो. बॅटरी रोज उतरते याचा अर्थ चार्जिंग होत नाही, रात्री कुठेतरी करंट गळतो, किंवा दहा-दहा वेळा सेल्फ मारावा लागतो. बॅटरी आपण होऊन दोषी क्वचितच असते. पण अर्धी उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतो आणि मग नवीही कामातून जाते. म्हणून ती आधी काढून चार्जरवर लावा : क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ८० ला ८ अँपिअर, रात्रभर.

सकाळी चावी न लावता पोलवर मोजा. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. आता कुणाला तरी सीटवर बसून सेल्फ मारायला सांगा आणि मीटरचे टोक बॅटरीच्या पोलवरच धरा, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही. भरलेली बॅटरी ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी कमजोर, किंवा सेल्फ नाहीतर इंजिन जड. १०.५ च्या वर टिकली आणि तरी सेल्फ मंद, तर बॅटरी निर्दोष सुटली. ताकद वाटेत अडते आहे.

ही वाट शोधणं हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग. सेल्फ फिरत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस पोलवर, दुसरं सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या केबलचं थिंबल (टोकाचं धातूचं कडं), कटऑफ स्विच किंवा सोलेनॉइडचा (सेल्फला करंट देणाऱ्या विजेच्या स्विचचा) कॉन्टॅक्ट खराब. मग एक टोक मायनस पोलवर आणि दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकवर, रंग खरवडून. इथे ०.३ च्या वर जाता कामा नये. जुन्या लोडरमध्ये निम्मे प्रकार इथेच सापडतात : बॅटरीची अर्थ वायर (मायनसची) चेसिसला, इंजिन रबरी माउंटवर, आणि दोघांना जोडणारी अर्थ-पट्टी गंजलेली, तुटत आलेली किंवा कुणीतरी रंगावरच कसलेली. सेल्फ, हीटर प्लग, डायनॅमो या सगळ्यांचा करंट याच पट्टीतून परततो, म्हणून एक पट्टी दोन-तीन वेगवेगळे आजार दाखवते. ती काढा, दोन्ही जागा धातू चमकेपर्यंत घासा, ५० चौरस मिलिमीटरची नवी केबल क्रिंप केलेल्या थिंबलसकट लावा आणि कसल्यावर वरून पेट्रोलियम जेली. घासण्याआधी जेली लावू नका.

आता चार्जिंगचा दिवा. चावी चालू, इंजिन बंद : दिवा लख्ख लागला पाहिजे. लागलाच नाही तर डायनॅमोला सुरुवातीचा करंटच मिळत नाही, कारण बहुतेक जुन्या डायनॅमोंना तो याच बल्बमधून जातो. कुणी बल्बच्या जागी एलईडी लावला असेल तर तिच्यातून करंट इतका कमी जातो, की रेस दिल्याशिवाय चार्जिंगच सुरू होत नाही. मूळ वॅटचा साधा बल्ब परत लावा. तुमचा दिवा इंजिन चालू असताना मंद जळतो, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना सारखं व्होल्टेज नाही. डायनॅमोमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे), कार्बन ब्रश, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर किंवा मधली खराब जोडणी, असा तो इशारा.

इंजिन १५०० आरपीएमच्या वर, लाइट चालू. बॅटरीवर १३.८ ते १४.५ हवेत. कमी असेल तर डायनॅमोच्या मागच्या मोठ्या बोल्टवर मोजा. तिथे १४.४ आणि बॅटरीवर १३.२, तर वायर बदला, डायनॅमो नाही. तिथेच कमी असेल तर आधी बेल्ट बघा : मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे आणि त्याच्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या नकोत. मग कार्बन ब्रश, ५ मिलिमीटरच्या आत आले असतील तर बदला, स्वस्त काम आहे. मीटर एसीवर फिरवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर डायोड गेला समजा. असा डायोड रात्रीही बॅटरी पितो. सकाळी हात लावून पाहा, बंद मशीनचा डायनॅमो कोमट लागला तर तोच चोर.

गळती मोजायची तर मायनस काढून मीटर १० अँपिअरच्या रेंजवर मध्ये घाला, पण त्या वेळी चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. कंप्युटर नसलेल्या मशीनला ५० मिलिअँपिअरच्या वर काहीच जायला नको. जात असेल तर एकेक फ्यूज काढत जा, शेवटी डायनॅमोची मोठी वायर. आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘डायनॅमो भरतो का’ बघायची जी पद्धत सर्रास आहे, ती तुमच्या मशीनवर कुणाला करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगले डायोडही जळतात.

थंडीचं आता. जानेवारीत ग्वाल्हेरला पारा चार-पाच अंशांवर सहज उतरतो आणि तेवढ्यात बॅटरीची ताकद बरीच घटते. स्किड लोडरची खास अडचण अशी, की हायड्रोस्टॅटिक पंप (तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारे) इंजिनला कायम जोडलेले असतात, मधे क्लच नाही. सेल्फ इंजिनाबरोबर घट्ट झालेलं तेलही ढवळतो. ऑक्झिलरी हायड्रॉलिकचा (पुढे जोडलेल्या अवजारांना तेल देणारा) लिव्हर लॉकमध्ये राहिला असेल तर भार आणखी वाढतो. तो न्यूट्रलला आणा. हायड्रॉलिकमध्ये ६८ ग्रेडचं तेल भरलं असेल आणि मॅन्युअल परवानगी देत असेल, तर हिवाळ्याला ४६ चं, म्हणजे पातळ, घ्या.

सेल्फ जोरात फिरूनही उठत नसेल तर सायलेन्सर बघा. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही : स्टॉप सोलेनॉइड (पंपाचं डिझेल चालू-बंद करणारा), पाणी धरलेला फिल्टर किंवा रात्रीत एअर घेतलेली लाइन. सोलेनॉइडची ओढणारी कॉइल तगडा करंट मागते. सेल्फ मारताना व्होल्टेज पडलं की ती ओढतच नाही, मग लोक पंपाला दोष देतात. डिझेलही जुनं नको. आपल्या मानकात उन्हाळी डिझेलचा पोअर पॉइंट (ज्याखाली ते वाहायचं थांबतं ते तापमान) १५ अंशांपर्यंत चालतो, हिवाळीचा ३ अंशांपर्यंत. मे महिन्यात भरलेल्या ड्रमचं डिझेल जानेवारीत फिल्टरमध्ये मेण धरू शकतं.

पांढरा धूर येतोय पण पेटत नाही, म्हणजे डिझेल आलंय, उष्णता नाही. हीटर प्लगची जोडपट्टी काढा आणि प्रत्येकाचा रेझिस्टन्स बॉडीशी मोजा : थंड असताना साधारण अर्धा ते दोन ओहम. उघडा दाखवला तो मेला. चारातले दोन मेले तरी ग्वाल्हेरच्या सकाळी मशीन उठायची नाही. प्लग ठीक असतील तर पट्टीवर करंट येतो का बघा. नसेल तर रिले. ईथरचा फवारा मात्र मारू नका. तापलेल्या प्लगवर तो भलत्या वेळी पेटतो आणि पिस्टन फोडू शकतो.

जंपर लावायची वेळ आलीच तर ट्रकचे २४ व्होल्ट सरळ देऊ नका. ट्रकच्या दोन बॅटऱ्यांपैकी जिचा मायनस चेसिसला आहे, फक्त त्या एकीवरून घ्या. आणि बाहेर उभं राहून पेचकसाने सेल्फचे बोल्ट शॉर्ट करणं या मशीनवर जीवघेणं आहे. मशीन सरकली किंवा वर राहिलेले आर्म खाली आले तर मधे माणूसच सापडतो. सीटवर बसून, सीटचा सुरक्षा-बार खाली करूनच सेल्फ मारा.

सेल्फ जोरदार, चारही हीटर जिवंत, डिझेल ताजं, आणि तरी फक्त गारठ्यातच पांढरा धूर सोडून बसते, दुपारी मात्र एका झटक्यात उठते, असं असेल तर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) तपासा, मग कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करा. ट्रान्सपोर्ट नगरमध्ये डिझेलचं गेज असलेला मिस्त्री शोधा. पेट्रोल गाडीचं गेज या दाबाला पुरत नाही.