‘ग्लोव्ह कमजोर’ एवढंच लिहून रिपोर्ट देऊ नका

तुम्ही लिहिलंय की निवडीच्या रिपोर्टसाठी बघताय तो आइस हॉकीचा गोलकीपर 16 वर्षांचा आहे, उंची बेताची आहे, ग्लोव्हच्या (पक, म्हणजे खेळाची चकती, पकडायच्या हातमोज्याच्या) बाजूला वरच्या कोपऱ्यात जास्त गोल होतात आणि रिपोर्टातल्या ‘कमजोरी’ या रकान्यात काय लिहावं ते सुचत नाही. याच रकान्याने मला फार मनस्ताप दिलाय, म्हणून सविस्तर लिहिते. स्टान्स (उभं राहण्याची ढब), बटरफ्लाय (गुडघे टेकून पाय बाजूंना पसरणं), रिबाउंड (अडवल्यावर परत उडालेला पक) वगैरे तुम्ही बघतच असाल, ते सोडून देते.

ग्लोव्हवरून गोल झाला की सगळे हाताकडे बघतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा दोष पायांचा असतो. आडवा पास गेला, मुलगा सरकतोय आणि जागेवर पोचण्याआधीच गुडघ्यांवर बसला, तर छाती पकच्या समोर येत नाही आणि ग्लोव्ह मागे राहतो. स्टँडमधून ते ‘हात संथ’ असं दिसतं. म्हणून प्रत्येक गोलाचा व्हिडिओ मागे नेऊन बघा, शॉट सुटला त्या क्षणी तो स्थिर होता का? स्थिर होता, पकच्या समोर होता आणि तरी चुकला, तरच हाताबद्दल किंवा नजरेबद्दल लिहा.

दुसरं, तो किती पुढे उभा राहतो? नेट 6 फूट रुंद, 4 फूट उंच. बेताच्या उंचीचा मुलगा गोलरेषेला चिकटून राहिला तर खाली बसल्यावर खांद्यांवरची जागा उघडी पडते. पुढे आला तर ती झाकली जाते, पण आडव्या पासवर जास्त अंतर कापावं लागतं. तेवढा वेग त्याच्यात आहे का, तेही लिहा. खांबाजवळ फार लवकर रिव्हर्स व्हीएचमध्ये (खांबाला टेकून, खांबाकडचा पाय बर्फावर आडवा टाकून) बसत असेल तर जवळच्या खांद्यावरचे गोल तिथूनच येतात.

मी एका मुलाबद्दल लिहिलं होतं की उजव्या पायाचा जोर कमी पडतो, म्हणून डावीकडे उशिरा पोचतो आणि ग्लोव्हवरून गोल होतात. वय लहान आहे, सुधारेल. निवडीचं काम बघणाऱ्या कार्यालयाने त्यातले दोनच शब्द ठेवले, ‘ग्लोव्ह कमजोर’. दुरुस्ती मागितली तर म्हणे रकान्यात एवढंच मावतं. मग म्हणे आता यादी बंद झाली. मग दुसऱ्याच माणसाकडे पाठवलं, त्याने व्हिडिओ उघडूनही बघितला नाही. पुढे जो तो तेच दोन शब्द उतरवत राहिला. मुलाचा पाय सुधारला, रिपोर्ट तसाच राहिला. त्याचा खेळ बघायला पुन्हा कुणी फिरकलं नाही. मला याचा राग अजूनही आहे.

तेव्हापासून कारण आणि कमजोरी मी एकाच वाक्यात आणि कारण आधी लिहिते: ‘उजव्या पायाच्या कमी जोरामुळे ग्लोव्हच्या बाजूला उशीर’. कापणाऱ्याला मधून तोडता येत नाही. स्वतःकडे तारखेसह प्रत ठेवाच.

उंचीवरून कुणाला बाद करू नका, यावर मी ठाम आहे. युसे सारोस 5 फूट 11 इंचांचा, 2013 च्या एनएचएल (उत्तर अमेरिकेतली मोठी आइस हॉकी लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ क्रमाने तरुण खेळाडू निवडतात त्यात, 99 वा निवडला गेला आणि तिथेच पहिल्या पसंतीचा गोलकीपर झाला. 2000 च्या ड्राफ्टमध्ये पहिलाच क्रमांक रिक डिपिएट्रो या गोलकीपरला मिळाला, हेन्रिक लुंडक्विस्ट 205 वा गेला. 2012 ची व्हेझिना ट्रॉफी, म्हणजे एनएचएलच्या सर्वोत्तम गोलकीपरचा पुरस्कार, लुंडक्विस्टची. सेव्ह पर्सेंटेजवरही (अडवलेल्या शॉट्सच्या टक्केवारीवर) फार विसंबू नका, संघाचा बचाव ढिला असला की चांगल्या मुलाचाही आकडा घसरतो. आणि झेप घेऊन अडवलेला शॉट ‘बलस्थान’ म्हणून लिहिण्याआधी बघा, तो आधीच उशिरा तर पोचला नव्हता?

बसायची जागाही बदला. कोन नेटच्या मागून कळतो, पुढे-मागे किती उभा आहे ते बाजूने. गोल झाल्यानंतरचा पुढचा शॉट चुकवू नका.

मी गोलकीपर कोच नाही, हे सगळं बघून-बघून आलेलं आहे. पायाचा जोर दुखण्यामुळे कमी वाटला तर आधी फिजिओला दाखवायला सांगा, रिपोर्ट थांबू शकतो. आणि तो ग्लोव्ह कोणत्या हातात घालतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. उजव्या हातात असेल तर माझं डावं-उजवं उलटं धरा.