नुसतं बोलून माणूस बदलतो का? फॅमिली थेरपीत नेमकं होतं काय?

नुसतं बोलून नाही, बोलताना जे लक्षात येतं त्याने बदलतो. आई अभ्यासावरून टोकते, मुलगा दार लावून घेतो, म्हणून ती आणखी टोकते. दोघांनाही वाटतं, सुरुवात समोरच्याने केली. थेरपिस्ट दोषी शोधत बसत नाही, हे चक्र पकडतो. फॅमिली थेरपीचे एक प्रवर्तक साल्वादोर मिनुचिन तर चक्क जागा बदलायला लावायचे: मुलाला आईबाबांच्या मधून उठवलं की त्या दोघांना थेट एकमेकांशी बोलावंच लागतं. एकट्याच्या थेरपीत, उदाहरणार्थ १९६०च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी मांडलेल्या सीबीटीत (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी), ‘मला जमणारच नाही’ हा विचार कागदावर उतरवून त्याचे पुरावे तपासतात. खरी मेहनत दोन सेशनच्या मधल्या दिवसांत असते. आणि हो, घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षितता, एकत्र बसवणं नंतर.