आधी एका महिन्याचे पैसे भर

चि. लेकरास, अनेक आशीर्वाद.

लातूरला पहिला पगार हातात पडतो न पडतो तोच जिमवाल्याने ‘आज भरलं तर वर्षाचे आठ हजार, उद्या बारा’ असं सांगून तुला घाईला आणलंय. आज भरू नकोस. ही ‘आजची’ ऑफर पुढच्या महिन्यातही असते, दसऱ्याला असते आणि एक जानेवारीला तर चौकातल्या फ्लेक्सवर असते. महिन्याचे हजार घेत असतील, तर वर्षाचं पॅकेज वसूल व्हायला तुला आठ महिने खरोखर जावं लागेल. दिवाळी, घरातली लग्नं, ऑफिसचं मार्चएंड आणि मेचा उकाडा वजा करून बघ, किती महिने उरतात ते. आधी एक महिना, मग तीन, वर्षाचं त्यानंतर. जिम असो की सायकल, माझं म्हणणं एकच आहे: आधी अंगाला वळण लागू दे, सामान मागून घे.

जिम बघायला जाशील ती तू रोज जाणार त्याच वेळेला जा. दुपारी तीनला सगळ्या जिम मोकळ्या नि चकाचक दिसतात. संध्याकाळी सातला रॅकपाशी पाच पोरं उभी असतात, आणि तुझी वेळ तीच आहे. ‘लेडीज बॅच’ बऱ्याच ठिकाणी अकरा ते चार असते. नोकरी करणाऱ्या बाईला तिचा काय उपयोग? खोलीपासून पायी दहा-बारा मिनिटांत पोचता येईल अशी साधी जिम, रिक्षा करून जावं लागणाऱ्या एसी जिमपेक्षा बरी. स्क्वॅटचा, म्हणजे वजन घेऊन मारायच्या बैठकांचा, रॅक आहे का, डंबेल अडीच-अडीच किलोने वाढत जातात का, कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का, कॅमेरे कुठं लावलेत, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघ. लाइट गेल्यावर पंखे चालतात का तेही विचार. ट्रेडमिलचा पट्टा लाइट गेली की थांबतो आणि माणूस पुढं झुकतो, म्हणून दांडा हाताशी राहू दे. आणि तोल गेला तर पट्टा थांबावा म्हणून त्याची लाल दोरीची क्लिप कपड्याला लावल्याशिवाय चढू नकोस. ओढणी, कुर्त्याच्या लोंबणाऱ्या नाड्या केबल मशीनजवळ नेऊ नकोस, कप्पीत अडकतात.

ट्रेनरने हात लावून शिकवलेलं नको असेल तर पहिल्याच दिवशी सांग, ‘तोंडी सांगा, मला समजतं.’ चांगल्या ट्रेनरला याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे शिकायचंच नाही.

पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस. तिच्यावर सुरुवातीची तारीख, किती महिने, आणि गावी गेलीस किंवा आजारी पडलीस तर मेंबरशिप किती दिवस थांबवता येते हे लिहून घे. तोंडी ‘करू की ॲडजस्ट’ याला काही अर्थ नसतो, मॅनेजर बदलला की शब्दही बदलतो. जीएसटी लावला असेल तर पंधरा अक्षरी नोंदणी क्रमांक छापलेला हवा. जिमवरचा हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. जुन्याच दराने कोणी लावत असेल तर विचार. नोंदणीच नसलेल्या छोट्या जिमला जीएसटी घेता येत नाही.

सुरू करण्याआधी एक रक्ततपासणी कर, सीबीसी. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. आपल्याकडच्या पोरी पायऱ्या चढून धापा टाकतात आणि स्वतःला आळशी समजतात, खरं तर रक्त कमी असतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस, अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. उलट भाजीवर लिंबू पिळलं तर जास्त लागतं.

आता व्यायाम. आठवड्यात तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. एका दिवशी स्क्वॅट, डंबेल प्रेस (बेंचवर पडून डंबेल वर ढकलायचं) आणि डंबेल रो (वाकून डंबेल कमरेकडे ओढायचं). दुसऱ्या दिवशी रोमानियन डेडलिफ्ट (कसं ते खाली सांगते), खांद्याचा प्रेस (वजन डोक्यावर ढकलायचं) आणि लॅट पुलडाउन (मशीनचा वरचा दांडा छातीकडे ओढायचा). मग पुन्हा पहिला दिवस, असं आलटून पालटून. प्रत्येकाचे तीन सेट, सेटमध्ये आठ ते दहा वेळा, दोन सेटमध्ये दोन मिनिटं थांबायचं. पाऊण तासात आटोपतं. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी दंड असा सहा दिवसांचा तक्ता भिंतीवर असेल, तो तुझ्यासाठी नाही. त्यात दोन दिवस बुडाले की अर्धं अंग राहून जातं.

स्क्वॅट थेट रॉडने करू नकोस. पाच किलोचं डंबेल दोन्ही हातांनी छातीशी धर, मागे गुडघ्याच्या उंचीचा बेंच ठेव. पाय खांद्याइतके फाकव, चवडे जरासे बाहेर. पोटात श्वास भरून घट्ट धर, बेंचला टेकेपर्यंत खाली जा, टेकल्यावर अंग सैल न सोडता उठ, वर आल्यावर श्वास सोड. यात चुका ठरलेल्या आहेत. टाचा उचलल्या जात असतील तर घोटा ताठ आहे. सुरुवातीला टाचांखाली अडीच-अडीच किलोच्या प्लेटा ठेव आणि घोटा रोज मोकळा कर. उठताना गुडघे आत वळत असतील तर वजन जास्त झालंय, किंवा लक्ष नाही. पायाच्या मधल्या बोटाच्या रेषेत गुडघा जाऊ दे. कंबर खाली गोल होत असेल तर तेवढं खाली जाऊ नकोस, एक वीत वरच थांब. तीन आठवड्यांनी रॉड घे.

आणि रॉडचं वजन विचारून घे. मोठ्या जिममधला ऑलिंपिक रॉड २० किलोचा असतो, बायकांसाठीचा १५ चा. गल्लीतल्या जिममध्ये पातळ, आखूड रॉड असतात, त्यांचं वजन कोणालाच धड माहीत नसतं. वजनकाट्यावर स्वतः उभी राहा, मग रॉड घेऊन उभी राहा, फरक वहीत लिही. हे न करता ‘मी तीस किलो मारते’ म्हणण्याला काही अर्थ नाही, दुसऱ्या रॉडवर गेलीस की सगळा हिशोब कोलमडतो.

रोमानियन डेडलिफ्टमध्ये रॉड मांड्यांना घासत खाली जातो. गुडघे किंचित वाकलेले, ढुंगण मागे ढकलायचं, पाठ सपाट, रॉड गुडघ्याच्या जरा खाली आला की परत वर. मांडीच्या मागे ताण आला पाहिजे. कमरेत आला तर रॉड अंगापासून लांब गेलाय.

तिन्ही सेट दहाच्या दहा झाले की पुढच्या वेळी वजन वाढव. पायांच्या व्यायामाला एकूण अडीच किलो. हातांच्या व्यायामाला घोळ होतो: पाचच्या डंबेलनंतर साडेसातचं, म्हणजे एकदम दीडपट. तिथं आधी पाचवरच पंधरा वेळांपर्यंत जा, मग साडेसातचं सहा वेळा उचल. रॉडसाठी सव्वा किलोच्या प्लेटांची जोडी बऱ्याच जिममध्ये नसतेच. ही एक खरेदी मी तुला आनंदाने करू देईन, पिशवीत घालून नेता येते. दुकानात जाण्याआधी रॉडचं टोक माप. पातळ रॉडची जाडी २८ मिलिमीटरच्या आसपास असते, ऑलिंपिक रॉडचं टोक ५० मिलिमीटरचं. भोक चुकलं तर प्लेट चढतच नाही, किंवा चढून लडबडते.

वजन उचलून बाई पुरुषासारखी दिसायला लागते, असं तुला खोलीवरच्या मैत्रिणी सांगतील. तेवढं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, बाईच्या अंगात नसतं. त्यांना म्हण, चला की बरोबर.

पहिल्या आठवड्यात अंग दुखेल, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरेल. त्याला गोळी लागत नाही, चालणं लागतं. पण उत्साहात पहिल्याच दिवशी दोनशे बैठका मारल्या, अंग सुजलं आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. स्नायू फुटून त्यातला भाग रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाला मार बसतो. एप्रिल-मे मध्ये हा धोका वाढतो, म्हणून तेव्हा सकाळी सहाची वेळ घे आणि पाण्यात चिमूटभर मीठ, साखर, लिंबू टाकून ने.

खाण्याचं सांगते. तुझं वजन पंचावन्न धरलं, तर दिवसाला सत्तर ते नव्वद ग्रॅम प्रथिनं पुरेत. ती लातुरात बसून मिळवणं अवघड नाही. ज्वारीच्या दोन भाकरींत, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम पिठात, पंधरा ग्रॅम. चाळीस ग्रॅम तूरडाळीच्या घट्ट वरणात नऊ. दोन अंडी, बारा. पाव लिटर दूध, आठ. मूठभर शेंगदाणे, सात. उरलेली सोयाबीनच्या वड्यांतून: पन्नास ग्रॅम सुक्या वड्यांत पंचवीसच्या वर प्रथिनं असतात, जवळजवळ व्हे पावडरच्या, म्हणजे दुधातल्या प्रथिनांच्या पावडरच्या, एका स्कूपइतकी. सोयाबीनच्या एवढ्या मोठ्या बाजारपेठेत राहून डबा ऑनलाइन कशाला मागवायचा? गंजगोलाईच्या बाजारातून अर्धा किलो सुट्या वड्या आण. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेव, दाबून पिळ, गार पाण्यात टाकून पुन्हा पिळ. दुसऱ्यांदा पिळलं नाही तर तो उग्र वास राहतो आणि मग वड्यांना नावं ठेवली जातात. येसराच्या (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या) आमटीत टाक, रस पितात आणि लुसलुशीत होतात. पहिले आठ दिवस वीस-पंचवीस ग्रॅमच घे, एकदम पन्नास घेतल्या तर पोट फुगतं. मेसचा डबा असेल तर भाजी बदलत बसू नकोस, फक्त वरण दुप्पट मागून घे.

पावडर वाईट नसते, पण पहिले तीन महिने तिची गरज नाही. पुढं घेतलीस तर डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक, बॅच, मुदत आणि परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचा पत्ता बघ. ‘मास गेनर’, म्हणजे वजन वाढवायची पावडर, घेऊ नकोस, त्यात बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन असतं, साखरेचाच भाऊ. ताकद वाढवायची क्रिएटिन मोनोहायड्रेट ही पावडर मात्र काम करते: रोज तीन ते पाच ग्रॅम, वेळ कुठलीही. ते घेत असताना रक्त तपासलंस तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) थोडं वाढलेलं दिसू शकतं, डॉक्टरांना आधीच सांग. फॅट बर्नरच्या गोळ्या म्हणजे बहुतेक कॉफीच, महागडी. आणि कोणी ताकदीचं इंजेक्शन म्हणून मेफेंटरमाइन पुढं केलं तर ती जिम त्याच दिवशी सोड, पैसे गेले तरी जाऊ देत. ऑपरेशनच्या टेबलावर उतरलेला रक्तदाब चढवायचं ते औषध आहे. हृदयाचे ठोके बिघडवतं आणि त्याची सवय लागते.

सामानात पहिल्या महिन्यात चारच गोष्टी घे: स्पोर्ट्स ब्रा, स्टीलची बाटली, वही आणि दोन टॉवेल. बुटांची घाई नको. वजन उचलायला पळायचे मऊ, जाड तळाचे बूट उलट वाईट, पाय डगमगतो. सपाट तळाचे कॅनव्हासचे चालतात. पुढं पळायचे घेशील तेव्हा संध्याकाळी घे, दिवसभरात पाय फुगलेला असतो. अंगठ्यापुढं बोटभर जागा राहू दे. कमरेचा पट्टा, हातमोजे, शेकर, सगळं नंतर.

टॉवेल दोन का, तर एक बेंचवर टाकायला आणि एक अंग पुसायला. नायटा जिममधून फार पसरतो. उन्हाळ्यात तिथल्या शॉवरच्या भरवशावर राहू नकोस, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं शहर आहे हे. खोलीवर येऊन लगेच अंघोळ कर, घामाचे कपडे पिशवीत कोंबून ठेवू नकोस. चट्टा दिसलाच तर मेडिकलवाल्याने हातात ठेवलेलं ‘बुरशी, जंतू, खाज, तिन्हीवर एकच’ मलम लावू नकोस. त्यात स्टेरॉइड असतं, दोन दिवस खाज थांबते आणि मग नायटा दुप्पट पसरतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखव आणि ते सांगतील तेवढे आठवडे पूर्ण लाव.

सायकलचंही विचारलं होतंस. रविवारी औसा रोडला जायचं असेल तर जुनी बघ, नवी नको. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलव, हँडलच्या मुळाशी खडखड वाजली तर किंमत पाड. चाक उचलून फिरव, ब्रेकच्या रबरांमध्ये ते नागमोडी जाता कामा नये. साखळीवर पट्टी लाव: बारा पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) खिळ्यापासून खिळ्यापर्यंत बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत. एक अष्टमांश इंच जास्त भरल्या तर साखळी झिजलीय, आणि बहुतेक मागचे दातेही गेलेत. सीट एवढी उंच ठेव की टाच पॅडलवर ठेवून ते खाली नेलं की पाय सरळ होतो. पावसात काळ्या मातीच्या शिवाररस्त्याला सायकल घालू नकोस, मडगार्डमध्ये चिखल बसला की चाकच फिरत नाही, खांद्यावर आणावी लागते.

आणि आपल्याकडे पंक्चर म्हणजे बाभळीचा काटा. ट्यूब बदलली आणि दहा मिनिटांत पुन्हा हवा गेली, की लोक ट्यूबला शिव्या देतात, काटा मात्र टायरमध्येच मोडून बसलेला असतो. टायर आतून पूर्ण गोल, सावकाश बोट फिरवून चाचप, टोक लागलं की नखाने किंवा चिमट्याने काढ, मगच ट्यूब घाल. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यांच्या दरम्यान भर.

जिमच्या पावतीचा फोटो पैसे भरण्याआधी मला पाठव, भरल्यावर नको.

तुझी,
मावशी