तंबू, अस्वल आणि लोणचं

प्रश्न : आम्ही दोघं नाशिकचे, गंगापूर रोडला राहतो. जुलैमध्ये अमेरिकेत गाडी भाड्याने घेऊन ग्रँड टेटन आणि यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानांमध्ये तंबूत राहायचंय. घरचा चिवडा, मेतकूट, लोणचं न्यावं का? अस्वलांची धास्ती वाटते.

उत्तर : न्या की! अमेरिकेत उतरल्यावर विमानतळावर जाहीर मात्र करा. पण तंबूत यातला कणही नको. लोणच्याचा वास अस्वलाला फार लांबून येतो. खाणं, खरकटी भांडी, साबण, टूथपेस्टसुद्धा रात्री काचा लावलेल्या गाडीत किंवा तंबूंच्या तळावरच्या लोखंडी पेटीत ठेवा. माणसाच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलाला अनेकदा मारावं लागतं, म्हणून याबाबतीत मी फार कडक आहे. अस्वल-लांडग्यापासून किमान ९१ मीटर, बाकी बहुतेक प्राण्यांपासून २३ मीटर लांब राहा. बायसन (तिथला रानगवा) शांत दिसतो, पण यलोस्टोनमध्ये सर्वाधिक माणसं जखमी केलीत त्यानेच. अस्वलाला पळवून लावायचा तिखट फवारा विमानात चालत नाही, तिथेच घ्या.

आणि थंडी! यलोस्टोन तळं सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे. जुलैतही पहाटे पारा शून्याजवळ उतरू शकतो. नाशिकच्या जानेवारीचे स्वेटर पुरणार नाहीत. जाड स्लीपिंग बॅग घ्या. तंबूंच्या तळावरची जागा आत्ताच आरक्षित करा.