त्वचेच्या पेशींना एकमेकींना धरून ठेवतं काय, आणि पेम्फिगसमध्ये त्या सुटतात कशा?

तुमच्या आईंच्या तोंडात चार महिने जखमा होत्या, आता पाठीवर आणि छातीवर पाण्याचे फोड आलेत. बायोप्सी झाली आणि डॉक्टर म्हणाले, "पेम्फिगस व्हल्गॅरिस आहे, त्वचेच्या पेशी एकमेकींना सोडताहेत." यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: पेशींना धरून ठेवतं तरी काय, त्या सुटतात कशा, आणि हे घरात आणखी कुणाला होईल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण या आजारापायी माणसाचं ताट-वाटी-अंथरूण वेगळं केलेलं मी पाहिलं आहे. पेम्फिगसची लागण होत नाही. फोडातलं पाणी हाताला लागलं तरी होत नाही. आईंच्या शेजारी बसा, त्यांना भरवा, अंघोळ घाला, नातवंडांना त्यांच्या कुशीत झोपू द्या. उष्णता बाहेर पडली, नागीण आली, कुणाचं काही लागलं, यातलं काहीही खरं नाही. जपायचं आहे ते त्यांनाच. औषधांनी प्रतिकारशक्ती दबली की दुसऱ्याचा साधा खोकलाही त्यांना महागात पडू शकतो.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात काम करते, आणि फोडांचे आजार हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. आता मूळ मुद्द्याकडे येते.

त्वचेचा सगळ्यात वरचा भाग, बाह्यत्वचा, बहुतेक जागी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जाड असतो. एवढ्याशा जाडीत पेशींचे अनेक थर असतात. तळाच्या थरात नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात, चपट्या होतात आणि साधारण महिन्याभरात कोंडा होऊन गळून जातात. म्हणजे या पेशींना एकमेकींना घट्ट धरायचं असतं आणि वर सरकताना ती पकड सारखी सोडून पुन्हा जोडायचीही असते. ही पकड ज्या ठिकाणी असते त्याला डेस्मोसोम म्हणतात. इटलीतल्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी एकोणिसाव्या शतकातच साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशी भेटतात तिथे बारीक गाठी दिसल्याची नोंद केली होती. त्या गाठीत दोन्ही पेशींचा अर्धा-अर्धा वाटा असतो आणि मध्ये फट असते, हे स्पष्ट दिसायला 1950 च्या दशकातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला.

ब्लाउजचं टिचबटण डोळ्यांसमोर आणा. एक अर्ध या पेशीवर, दुसरं अर्ध शेजारणीवर. एकमेकांत अडकणारा भाग म्हणजे डेस्मोग्लीन आणि डेस्मोकॉलिन नावाची प्रथिनं. बटण नुसतं अडकून भागत नाही, ते कापडाला पक्कं शिवलेलंही लागतं. पेशीच्या आत ते काम डेस्मोप्लाकिन, प्लाकोग्लोबिन ही प्रथिनं करतात. ती बटणाला केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाच्या दोऱ्यांशी बांधून टाकतात, आणि हे दोरे पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेले असतात. म्हणून तुम्ही कातडी चिमटीत धरून ओढलीत तर तो ताण एका पेशीवर न पडता शेकडो पेशींत वाटला जातो.

पेम्फिगसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा या डेस्मोग्लीनलाच परकं समजते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करते. अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी 1964 मध्ये रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडं दाखवून दिली. त्यांचं नेमकं लक्ष्य डेस्मोग्लीन 3 आहे, हे 1991 मध्ये मासायुकी आमागाई आणि जॉन स्टॅनली यांच्या कामातून कळलं. प्रतिपिंडं डेस्मोग्लीनला चिकटली की दोन अर्धी नीट जुळत नाहीत. शिवाय पेशीच्या आत चुकीचे संदेश जातात आणि पेशी स्वतःच आपलं डेस्मोग्लीन आत ओढून घेते. पेशी जिवंत असतात, पण सुट्या होतात. मधल्या फटीत पाणी भरतं आणि फोड येतो. फोडाचं छप्पर पातळ असल्याने तो ढिला असतो, कपड्याच्या घर्षणानेही फुटतो आणि मागे ओली, लाल, झोंबणारी जखम राहते.

तुमच्या आईंना आधी तोंडात आणि मग पाठीवर का झालं, याचंही उत्तर यातच आहे, आणि या आजारातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट हीच आहे. डेस्मोग्लीनचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे, 1 आणि 3. तोंडाच्या आतल्या अस्तरात मुख्य भिस्त 3 वर असते, 1 अगदी थोडं. त्वचेत दोन्ही असतात: वरच्या थरांत 1 भरपूर, खालच्या थरांत 3 जास्त. सुरुवातीला प्रतिपिंडं फक्त 3 विरुद्ध असतात. तेव्हा त्वचेला 1 सांभाळून घेतं, पण तोंडाला सांभाळणारं कुणी नसतं, म्हणून तोंड येतं. पुढे 1 विरुद्धही प्रतिपिंडं तयार झाली की त्वचाही सुटायला लागते. काही रुग्णांत प्रतिपिंडं फक्त 1 विरुद्ध असतात. त्यांच्या त्वचेचा अगदी वरचा पापुद्रा सुटतो, अंगावर खपल्या धरतात आणि तोंड मात्र स्वच्छ राहतं. तो पेम्फिगस फोलिएशियस.

लहान बाळांमध्ये एका वेगळ्याच वाटेने हेच घडतं. स्टॅफिलोकोकस जिवाणूच्या काही जाती एक विष सोडतात. ते विष डेस्मोग्लीन 1 ला नेमक्या एका जागी कापतं, 3 ला हातही लावत नाही. दोन दिवसांत बाळाची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते, आईबाप हबकून जातात, पण तोंडाच्या आत काहीच नसतं. वेळेवर प्रतिजैविकं मिळाली तर बहुतेक बाळं व्रण न राहता बरी होतात, कारण फाट अगदी वर पडलेली असते.

फाट कुठे पडली यावर आजाराचं नाव ठरतं, म्हणून आम्ही त्यामागे एवढे लागतो. आईंच्या बाबतीत काय काय केलं असेल ते सांगते. ताज्या फोडाचं छप्पर अलगद उचलायचं, तळ सर्जिकल ब्लेडच्या बोथट कडेने हलकेच खरवडायचा, आलेलं काचपट्टीवर पसरायचं आणि गिम्साचा रंग द्यायचा. थोड्याच वेळात सूक्ष्मदर्शकाखाली सुट्या पडलेल्या गोल पेशी दिसतात: मोठं केंद्रक, त्याभोवती फिकट वलय आणि कडेला गडद निळा काठ. एरवी बहुकोनी असणारी पेशी शेजारीण सुटली की गोल होते. याला झँक स्मीअर म्हणतात. मग बायोप्सीचे दोन तुकडे. एक फोडाचा. दुसरा फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा, त्यावर इम्युनोफ्लुरोसन्स, म्हणजे चिकटलेली प्रतिपिंडं चमकून दिसतील अशी चाचणी, करतात, आणि पेम्फिगस असेल तर प्रत्येक पेशीभोवती हिरवी चमकणारी रेघ उमटून सगळीकडे जाळी दिसते. चांगली कातडी का कापली, असं नातेवाईक विचारतात. जाळी तिथेच नीट दिसते म्हणून.

म्हाताऱ्या माणसांना होणाऱ्या बुलस पेम्फिगॉइडमध्ये फाट बाह्यत्वचेच्या खाली पडते, म्हणून फोड ताठ असतात, सहजी फुटत नाहीत आणि खाज फार असते. काही बाळं केराटिनच्या किंवा तळाशी बांधणाऱ्या प्रथिनांच्या जनुकातला दोष घेऊन जन्मतात. नुसतं कडेवर घेतलं तरी त्यांना फोड येतात. तो एपिडर्मोलिसिस बुलोसा, आणि तो मोठा स्वतंत्र विषय आहे.

डेस्मोसोम हृदयाच्या स्नायूतही असतात. ग्रीसमधल्या नाक्सोस बेटावरच्या काही कुटुंबांत लोकरीसारखे केस, तळहात-तळपायांची जाड कातडी आणि हृदयाचे जीवघेणे अनियमित ठोके एकत्र आढळले. मुळाशी प्लाकोग्लोबिनच्या जनुकातला दोष निघाला. हे वाचून घाबरू नका. हृदयातलं डेस्मोग्लीन 2 क्रमांकाचं आहे, आईंच्या प्रतिपिंडांचा रोख 1 आणि 3 वर आहे.

उपचारांबद्दल. 1950 च्या दशकात स्टेरॉइड येण्यापूर्वी या आजाराचे बहुतेक रुग्ण काही वर्षांत दगावत, कारण उघड्या पडलेल्या अंगातून पाणी आणि प्रथिनं वाहून जात आणि जंतू आत शिरत. भारतात मोठा बदल घडवला तो दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. जे. एस. पसरिचा यांनी. 1980 च्या दशकात त्यांनी पल्स उपचार रुळवला: तीन दिवस सलाइनमधून रोज 100 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, त्यातल्या एका दिवशी 500 मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड, आणि हेच दर 28 दिवसांनी. आपल्याकडच्या हजारो रुग्णांनी या उपचारावर पुन्हा संसार केला. आता रिटुक्सिमॅब आहे, जे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या आधीच्या पिढीला, बी पेशींना, संपवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता दिली. माझं मत स्पष्ट आहे: परवडत असेल आणि कावीळ बी, क्षयरोग या तपासण्या ठीक असतील तर ते लवकर द्यावं, वर्षभर स्टेरॉइडचा मोठा डोस खाऊन हाडं आणि साखर बिघडल्यावर नाही.

औषध सुरू झाल्यावरही काही आठवडे नवे फोड येतील. रक्तात आधीच असलेली प्रतिपिंडं निम्म्यावर यायलाच सुमारे तीन आठवडे लागतात. औषध लागू पडत नाही असं समजून डॉक्टर बदलू नका, आणि स्टेरॉइड तर कधीच एकदम बंद करू नका. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देतात ते हाडांसाठी. डेस्मोग्लीनला जुळायला कॅल्शियम लागतं हे खरं, पण जास्त गोळ्या खाऊन पकड घट्ट होत नाही.

जखमांना चादर चिकटते आणि कूस बदलताना कातडी निघते, त्या वेदनेने माणूस रडकुंडीला येतो. केळीचं पान यावर फार चांगलं काम करतं. मुंबईच्या शीव रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांवर त्याचा रीतसर अभ्यास झाला आहे, आणि आम्हीही वॉर्डात वापरतो. पान गुळगुळीत असतं, जखमेला चिकटत नाही. वॉर्डातल्या सिस्टरना विचारून, निर्जंतुक कसं करायचं ते समजून घ्या. खायला मऊ भात, पेज, ताक, गार दूध. भाकरीचा कडक पापुद्रा, चिवडा आणि तिखट काही दिवस बंद. दात मुलांच्या मऊ ब्रशने घासायचे, पण घासायचे नक्की.

पुढच्या वेळी जाताना डेस्मोग्लीन 1 आणि 3 ची रक्तचाचणी झाली आहे का ते विचारा, आणि झाली असेल तर आकडे वहीत लिहून ठेवा. औषध कमी करताना त्यांचा उपयोग होतो. ताप आला, जखमांतून पू यायला लागला, डोळे लाल झाले किंवा घोटभर पाणीही गिळवेना, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात घेऊन जा.